रानातले शेजारी : एक शेंड्यावर, एक बिळात

दोस्तांनो, पावसाळा सरल्यावर मुळशीला गेलात तर ताम्हिणीच्या वाटेवर एखाद्या देवराईत पाच मिनिटं गप्प उभे राहा. (हो, गप्प! हेच सगळ्यांत अवघड.) वर पानांत खडखडाट झाल्यासारखा आवाज आला, की समजा, शेकरू बोलतंय. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. घरटं बांधतो तेही बारीक फांद्यांच्या टोकाशी. जड शिकारी तिथवर जाईलच कसा?

त्याचा दुसरा शेजारी म्हणजे खवल्या मांजर. मांजर फक्त नावापुरतं बरं का! हा बिळात राहतो, रात्री बाहेर पडतो. तोंडात एकही दात नाही. लांबलचक चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी गट्टम करतो. अंगावर खवल्यांचं चिलखत. ही खवलं आपल्या नखांसारख्याच पदार्थाची असतात. संकट आलं की तो अंगाचा घट्ट चेंडू करतो. बिबट्यालासुद्धा तो उलगडणं जड जातं.

पण माणसाला तो उलगडायचाच नसतो! चेंडू उचलायचा आणि पोत्यात टाकायचा, झालं. ज्या युक्तीने तो शेकडो पिढ्या तगला, तीच त्याच्या गळ्याशी आली. खवलं औषधी असतात या भाबड्या समजुतीपायी त्याची चोरटी निर्यात होते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून निघत नाही. २०१६ साली जगातल्या देशांनी एकत्र येऊन पँगोलिनच्या आठही जातींच्या व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं. जागतिक लाल यादीत आपलं खवल्या मांजर 'संकटग्रस्त' आहे.

त्याच यादीत शेकरू मात्र 'कमी चिंतेचं' आहे. म्हणजे सगळं आलबेल? छे! यादी साऱ्या भारताचा हिशेब मांडते, आणि त्यातही संख्या घटतेय असंच लिहिलंय. मुळशीतल्या शेकरूला पोत्यापेक्षा भीती आहे ती दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेची. सहा-सात मीटरची उडी ते सहज मारतं. पण मध्ये रुंद रस्ता झाला, बंगल्यांसाठी जुनी झाडं गेली, तर पलीकडचं जांभूळ त्याला परदेशच की! २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य झालं, पण गावोगावच्या कितीतरी देवराया त्या हद्दीबाहेर आहेत. तिथली फांदी फांदीला भिडलेली ठेवणं गावकऱ्यांच्याच हाती आहे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पकडणं वा मारणं गुन्हा आहे. तेव्हा कुठे खवल्या मांजर दिसलंच, तर हात लावू नका, गर्दी जमवू नका. आईबाबांना सांगून वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. आणि जागा बाकी कुणालाही सांगू नका, अगदी जिवलग मित्रालासुद्धा!

शेकरूचं मात्र खुशाल सांगा.