हिशेबाची वही : तीस डॉलरांत किती सुपरहिरो?



गेल्या अंकात पियानोच्या क्लासच्या फीबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा दर बुधवारी कॉमिक्सच्या दुकानात चला म्हणून मागे लागतो. मागच्या महिन्यात त्या दुकानात सत्तर डॉलर गेले. "एक अंक पाच डॉलरला आणि पंधरा मिनिटांत वाचून संपतो. हे सरळ बंद करावं का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, बंद करू नका. पण सत्तरही देऊ नका. महिन्याला तीस ठरवा आणि त्या तिसांचा कारभार मुलाच्या हाती द्या. तो कारभार कसा करायचा, यासाठी आजची वही उघडतोय.

आधी माल कसा आहे ते पाहू. मार्व्हल आणि डीसी या दोन मोठ्या कंपन्यांचा महिन्याचा अंक म्हणजे साधारण वीस पानांची गोष्ट, बाकी जाहिराती. किंमत ३.९९ किंवा ४.९९. म्हणजे एका पानाला वीस ते पंचवीस सेंट. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ सालचा. किंमत दहा सेंट आणि पानं चौसष्ट. त्या वेळचे दहा सेंट म्हणजे आजचे साधारण सव्वादोन डॉलर. तेव्हा किंमत साधारण दुप्पट झाली आणि पानं तिसऱ्या हिश्श्यावर आली. आपला जीव कळवळतो तो उगाच नाही.

पण हीच गोष्ट दुसऱ्या रूपांतही मिळते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. पाच-सहा अंकांची एक गोष्ट पुरी झाली की काही महिन्यांनी त्याचं पुस्तक निघतं. डीसीने जून २०२४ पासून लहान आकाराची ९.९९ ची पुस्तकं काढली. त्यात 'ऑल-स्टार सुपरमॅन'चे बाराच्या बारा अंक एका पुस्तकात आहेत; अंकाला त्र्याऐंशी सेंट पडले. (याच मालेत 'वॉचमेन'ही आहे. उत्तम आहे, पण मोठ्यांसाठी. बारा वर्षांच्या मुलाला नको.) मार्व्हल आणि डीसी दोघांचीही महिन्याच्या वर्गणीवर चालणारी ॲप्स आहेत. त्यांत जुने अंक हजारोंनी आहेत आणि नवेही काही महिन्यांनी येतात. शिवाय आपली पब्लिक लायब्ररी आहेच. तिथे कॉमिक्सच्या पुस्तकांचं वेगळं कपाट असतं, आणि बऱ्याच लायब्ररींच्या कार्डावर हूपला किंवा लिबीवरून ती घरबसल्या फुकट वाचता येतात.

मग प्रश्न असा की जी गोष्ट सहा महिन्यांनी स्वस्तात किंवा फुकट मिळणार, तिला आज पाच डॉलर का द्यायचे?

याचं उत्तर आपल्या पिढीला ठाऊक आहे. लहानपणी 'चांदोबा'ची वाट पाहिलेली आठवते ना? इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ गल्लीतल्या वाचनालयातून भाड्याने आणून, घरी पोचायच्या आत रस्त्यातच वाचून काढणारेही आपल्यात पुष्कळ असतील. (विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ वेगळा आणि जंगलातला बुरखेवाला वेताळ वेगळा. आमच्या पिढीला दोन वेताळ होते.) पुढे काय झालं असेल यावर महिनाभर मित्रांशी घातलेला वाद हा त्या वाचनाचा अर्धा भाग होता. इथल्या मुलांचं तेच आहे. बुधवारी नवा अंक येतो आणि गुरुवारी शाळेत जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा होते. महिन्याच्या अंकाला जे जास्तीचे पैसे पडतात ते वाट पाहण्याचे आणि त्या चर्चेत बसण्याचे. म्हणून ज्या गोष्टीची खरोखर वाट पाहिली जाते, तेवढीच अंकाअंकाने घ्यावी. बाकीची पुस्तकात, लायब्ररीत, ॲपवर.

वाट पाहिली जाते की नाही हे मोजायचं कसं? आम्हा इंजिनियर मंडळींना मोजल्याशिवाय चैन पडत नाही. सोपी पद्धत सांगतो. घरी आणलेला अंक कोणत्या दिवशी वाचला, ते वहीत लिहायला सांगा. ज्या मालिकेचा अंक त्याच दिवशी, बहुतेकदा गाडीतच, वाचला जातो ती ठेवायची. ज्या मालिकेचे लागोपाठ तीन अंक आठवडाभर पिशवीतच पडून राहिले, ती बंद. त्या हिरोवर प्रेम असेना का, गोष्ट पुढे लायब्ररीत वाचता येईल. वही मुलाच्या हातची असली की भांडण आईबापांशी होत नाही.

आता पैसे कुठे गळतात ते पाहू. चार भोकं मुख्य आहेत.

पहिलं, वेगवेगळी मुखपृष्ठं. आत तीच वीस पानं, बाहेर चित्र दुसरं. काही मुखपृष्ठं अशी असतात की दुकानदाराने साध्या पंचवीस प्रती मागवल्या तर त्याला त्यातली एक मिळते. ती प्रत तो अर्थातच चढ्या भावाने विकतो. नियम सोपा ठेवा : एक गोष्ट, एक प्रत.

दुसरं, महासंग्राम. १९८४-८५ सालच्या 'सीक्रेट वॉर्स' आणि १९८५-८६ सालच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' यांच्यापासून दोन्ही कंपन्यांना याची गोडी लागली. सगळे हिरो एका युद्धात ओढायचे, आणि गोष्टीचे फाटे दहा वेगळ्या मालिकांत पसरायचे. २००६-०७ मधल्या 'सिव्हिल वॉर'ची मुख्य मालिका सातच अंकांची होती, पण तिला जोडलेले अंक ढीगभर निघाले. मुख्य अंक वाचले तरी कथा कळते. अशा वेळी मुख्य तेवढं घ्यावं आणि फाटे सोडून द्यावेत.

तिसरं, महिन्यातून दोनदा येणाऱ्या मालिका. 'अमेझिंग स्पायडरमॅन' अलीकडच्या वर्षांत बरेचदा असा निघाला आहे. मुलगा म्हणतो "एकच मालिका आहे, बाबा", आणि बिल दहा डॉलरचं येतं. यादी करताना मालिका मोजू नका, अंक मोजा.

चौथं भोक आपल्या लोकांना जास्त भुलवणारं. "पुढे याची किंमत येईल, कॉलेजची फी निघेल!" 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला विकली गेली, ही बातमी घरोघर पोचते. पण ती किंमत का आली? त्या काळी ते अंक कोणी जपले नाहीत. वाचून फेकले, रद्दीत गेले, म्हणून उरलेले मोलाचे झाले. याच्या उलट १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक घ्या. पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह ऐंशी लाखांवर प्रती निघाल्या. १९९२ साली सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत, आत दंडाला बांधायची काळी फीत घालून विकला. लोकांनी दोन-दोन, चार-चार घेऊन न उघडता कपाटात ठेवले. सगळ्यांनीच जपले, त्यामुळे दुर्मिळ काही राहिलं नाही. पुढे बाजार कोसळला, कितीतरी दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा अंक घ्यावा तो वाचण्यासाठी. कॉलेजच्या फीसाठी दुसऱ्या योजना आहेत, त्या या वहीत पूर्वी येऊन गेल्या आहेत.

ही भोकं बुजवली की तिसांचा हिशेब असा बसतो. ४.९९ चे चार अंक, म्हणजे १९.९६. त्यात दोन जागा मुलाच्या सर्वांत आवडत्या हिरोला. तिसरी जागा दुसऱ्या एखाद्या मालिकेला, जी लेखक किंवा चित्रकार पाहून निवडायची. मालिकेचं नाव तेच राहतं, पण लिहिणारा बदलला की चव बदलते. आचारी बदलल्यावर खानावळीची बदलते तशी. चौथी जागा प्रयोगाला. उरलेल्या दहांत दर महिन्याला ९.९९ चं एक पुस्तक. एकूण २९.९५. वर सेल्स टॅक्स लागतो, पण बरीच दुकानं नेहमीच्या गिऱ्हाइकाला नव्या अंकांवर दहा टक्के सूट देतात, त्यात तो साधारण निघून जातो.

ती चौथी, प्रयोगाची जागा कापू नका. नवी मालिका जगणार की बंद पडणार हे बरंचसं दुकानांच्या सुरुवातीच्या मागणीवर ठरतं. बॅटमॅनला आपल्या पाच डॉलरची गरज नाही, नव्या हिरोला आहे. २०१४ साली मार्व्हलने जर्सी सिटीत राहणाऱ्या कमला खान या सोळा वर्षांच्या मुलीला 'मिस मार्व्हल' केलं. आईबाप पाकिस्तानातून आलेले. रात्री पार्टीला जायचं नाही, अभ्यास आधी, लोक काय म्हणतील, हे सगळं आपल्याच स्वयंपाकघरात ऐकू येणारं. पहिल्या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याआधी २००४ साली मुंबईचा स्पायडरमॅनही येऊन गेला. पवित्र प्रभाकर त्याचं नाव, धोतर नेसणारा, आणि मेरी जेनची झाली होती मीरा जैन! चारच अंक निघाले, पण २०२३ च्या सिनेमात तो पुन्हा दिसला आणि आपल्या पोरांनी थिएटरात शिट्ट्या मारल्या. असे हिरो आधी कोणीतरी पाच डॉलर देऊन पाहतो, म्हणून पुढे टिकतात.

वय मात्र पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'मधला ब्रूस वेन श्रीमंत नाही, चक्क इंजिनियर आहे, म्हणून मला त्याचं विशेष कौतुक. पण त्यात रक्तपात पुष्कळ. मुखपृष्ठावर किंवा मागे वयोगट छापलेला असतो, तो वाचून मगच घ्या.

आता एक महत्त्वाची गोष्ट, पैशापलीकडची. नेहमीचं गिऱ्हाईक दुकानदाराकडे आपली यादी देऊन ठेवतं. त्याला इथे पुल लिस्ट म्हणतात. त्या यादीप्रमाणे दुकानदार कित्येक आठवडे आधी अंक मागवतो, आणि सहसा ते परत करता येत नाहीत. आपण न सांगता गेलो नाही तर ते अंक त्याच्या गळ्यात पडतात. त्याचा धंदा आधीच पातळ नफ्याचा. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड या सर्वांत जुन्या मोठ्या वितरकाने दिवाळखोरी जाहीर केली, त्याचा फटका लहान दुकानांनाच जास्त बसला. म्हणून मालिका बंद करायची तर मुलाने स्वतः काउंटरवर जाऊन सांगावं : "ही पुढच्या मागणीपासून नको. आधी मागवलेले अंक मी घेईन." बारा वर्षांच्या पोराला हे वाक्य जड जातं. आपण मागे उभं राहावं, पण बोलू त्यालाच द्यावं. दिलेला शब्द पाळून, नीट सांगून नाही म्हणायचं, ही विद्या पुढे क्रेडिट कार्डापासून नोकरीपर्यंत उपयोगी पडेल.

आणि ताई, तुमच्या त्या पंधरा मिनिटांबद्दल. मुलगा तोच अंक किती वेळा वाचतो ते मोजा. पाचव्यांदा वाचताना तो चित्रातले कोपरे पाहत असतो, शब्द न विचारता लावत असतो. आपण दोन बॅगा घेऊन या देशात आलो, प्रत्येक डॉलरला रुपयांनी गुणत आलो. ती सवय चांगलीच आहे. पण सरळ बंद केलंत तर वाचन थांबेल किंवा चोरून चालेल, आणि दोन्हींत तो तुम्हाला गोष्ट सांगायचा थांबेल. या वयात मुलं आपणहून जे सांगतात ते फार थोडं असतं. तेव्हा महिन्यातून एक अंक तुम्ही वाचा आणि त्याच्याशी वाद घाला. आजी-आजोबा इकडे आले असतील तर त्यांना गोष्ट मराठीत सांगायचं काम त्याच्याकडे द्या. 'रेडिओॲक्टिव्ह कोळी'ला तो मराठी शब्द काय काढतो, ते मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात : उन्हाळी कॅम्पचा खर्च, आणि जानेवारीतच नाव का नोंदवावं.