काळ्या पडद्याला भिऊ नका



पोराला युनिक्स शिकायचंय, क्लासला घालू का, असं वजनकाट्यापाशी नंबराची वाट बघताना दोघा-तिघांनी विचारलं. माझे मत स्पष्ट आहे. आधी फी भरू नका. घरातल्या जुन्या काँप्युटरवर लिनक्स घाला. ते फुकट मिळते व युनिक्सच्याच वळणाचे आहे. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ते १९९१ साली सुरू केले.

मूळ युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून उभे राहिले. तेव्हा हुकूम टेलिटाइप यंत्रावर ठोकावे लागत, म्हणून ते असे आखूड. 'एलएस' म्हणजे यादी दाखव, 'सीपी' म्हणजे नक्कल कर, 'आरएम' म्हणजे पुसून टाक. अडलं तर 'मॅन' लिहून पुढे हुकमाचे नाव द्या, माहिती समोर येते. क्लासमध्ये हे हुकूम पाढ्यासारखे पाठ करून घेतात, आणि पोरगं महिन्यात विसरतं.

खरी गंमत पाइपात आहे. डग मॅकिलरॉय यांची ही कल्पना १९७३ साली युनिक्समध्ये आली. आपल्या माणसाला ती समजवायला नकोच! गव्हाणीतला ऊस मिलमध्ये, मिलचा रस उकळीला, पाक पॅनमध्ये. एकाचा माल दुसऱ्याच्या तोंडी. तसेच गावांच्या नावांची यादी 'सॉर्ट'मध्ये घाला, तिथून 'युनिक'मध्ये, सोबत 'उणे सी' लावा. कोणत्या गावाची किती नावे ते मोजून हातात. मात्र 'सॉर्ट' आधीच हवे, कारण 'युनिक'ला लागोपाठच्या सारख्या ओळीच ओळखू येतात.

आता माझी फजिती सांगतो. शेवटी 'ओल्ड' लावलेल्या जुन्या फाइली काढायच्या होत्या. 'आरएम' लिहिलं, चांदणी मारली, अन् टिंबाच्या आधी चुकून मोकळी जागा पडली. चांदणी एकटी राहिली म्हणजे 'सगळ्या'. आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा तीन वर्षांचा हिशेब गेला. यंत्राने विचारलं नाही, कचरापेटी नाही, काही नाही. वह्या होत्या म्हणून वाचलो. आठ रात्री बसून पुन्हा भरलं.

म्हणून माझा आग्रह, नवशिक्याने 'सीपी' पहिल्या दिवशी शिकावे, 'आरएम' सर्वांत शेवटी, तेही 'उणे आय' लावून. मग ते प्रत्येक फाइलीला विचारते. आणि सराव घरच्याच हिशेबाच्या नकलेवर करावा.

कुणाला लिनक्स घालून हवे असल्यास रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन घरी यावे. वह्या मात्र जपून ठेवा.

— एक सभासद