फिर्यादीचे खाते

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या काकूंचे मंगळसूत्र भरदुपारी हिसकावून नेले. भाजी घेऊन त्या परतत होत्या. मोटारसायकलवरून दोघे आले आणि गेले. काकूंच्या मानेवर ओरखडा उठला होता. त्यांच्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले. पहिलाच प्रश्न आला, "एवढे सोने घालून कशाला हिंडता?"

काकू मराठीत सांगत होत्या, हवालदार कानडीत लिहीत होते. लिहून झाल्यावर कागद सहीसाठी पुढे आला. मी वाचला, तर त्यात शब्द होता 'कळेदुहोगिदे', म्हणजे हरवले! हिसकावणे हा गुन्हा आहे, हरवणे हा निष्काळजीपणा. एका शब्दाने चोर सुटला आणि काकूच दोषी ठरल्या.

कोपऱ्यात एक महिला शिपाई नोंदवही लिहीत बसली होती. ती उठली, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "बसा अक्का, पुन्हा पहिल्यापासून सांगा." मग हवालदारांशी हळू आवाजात बोलली. कागद नव्याने लिहिला गेला, मोठ्याने वाचून दाखवला गेला. सोने अजून मिळालेले नाही. पण काकू त्या बाईचे नाव आजही काढतात.

आम्ही वाणिज्य शाखेची मुले. प्रत्येक नावाचे खाते असते असे शिकतो. गुन्ह्याच्या वहीत मात्र सरकार आणि आरोपी अशी दोनच खाती दिसतात. ज्याचे नुकसान झाले तो केवळ साक्षीदार!

देशातील पहिले महिला पोलीस ठाणे १९७३ साली केरळात, कोझिकोडला निघाले. त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. पोलीस दलात ३३ टक्के स्त्रिया असाव्यात असे केंद्र सरकार राज्यांना सांगत आले. २०२२ च्या आरंभी त्या सुमारे १२ टक्केच होत्या. कुणी म्हणेल, बाई असली म्हणजे मायाळूच असते काय? नसतेही. आणि माया हा काही केवळ बायकांचा मक्ता नव्हे. परंतु शंभरात बाराच असतील, तर रात्री अकरा वाजता ठाण्यात जाणाऱ्या मुलीला त्यांतली एक तरी भेटेल याची खात्री कोण देणार? वेगळे महिला ठाणे जिल्ह्याच्या गावी असून भागत नाही; जवळच्या ठाण्यात बाई हवी, आणि ती बंदोबस्तापुरती नव्हे, तपासाच्या कामावर हवी.

कायदा तसा मागे नाही. लैंगिक अत्याचाराची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी, ही तरतूद २०१३ मध्ये आली. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेनुसार ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगतीही फिर्यादीला कळवायची आहे. हे काकूंना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही नव्हते.

आपल्या या अंकात मराठी आणि कानडी विभाग एकाच बांधणीत नांदतात. मग ठाण्यातल्या बाकावर का नांदू नयेत? राष्ट्रीय सेवा योजनेने हे हक्क दोन्ही भाषांत एका पानावर छापून घरोघर द्यावेत. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर पुढच्या सत्रात हे होईल. लिहायला मी तयार आहे. कानडी विभागातून कोण येते?