साखरेचा पुडा, पन्नास क्विंटलचा

तुळशीचे लग्न लागले, की गावोगाव सोयरिकी जुळायला लागतात. खळी झालेली असतात, हातात चार पैसे आलेले असतात, निदान येतील अशी आशा तरी असते. यंदाची जिल्हा बैठक आम्हाला दोनदा पुढे ढकलावी लागली आणि दोन्ही वेळा कारण एकच निघाले. कोणाच्या भाचीचा साखरपुडा, कोणाच्या साडूच्या मुलाचा साखरपुडा. लग्नासाठी कार्यकर्ता येत नसेल तर आम्ही समजू शकतो. पण आता साखरपुड्यालाही आदल्या दिवशी जावे लागते, दुसऱ्या दिवशी आवरायला थांबावे लागते आणि नंतर महिनाभर उसनवारी फेडत हिंडावे लागते, असे ऐकल्यावर हा विषय या पानावर घ्यायचे ठरवले. भावाची लढाई सोडून संपादक घरगुती गप्पा मारायला लागले असे कोणाला वाटेल. त्यांनी पुढचा हिशेब वाचावा.

आज ज्यांचे वय साठीच्या घरात आहे त्यांनी आपला साखरपुडा आठवावा. ओसरीवर सतरंजी, दोन्हीकडची पाच-पंचवीस माणसे. मुलीला कुंकू लावले, ओटी भरली, हातावर साखरेचा पुडा ठेवला. सुपारी फुटली. मध्यस्थाने मांडीवर वही घेऊन याद्या केल्या आणि शिरा-भात खाऊन मंडळी दिवस मावळायच्या आत बैलगाडीने नाहीतर यष्टीने घरी. विदर्भात याला साक्षगंध म्हणतात, कुठे कुंकू म्हणतात, कुठे टिळा. नावे वेगळी, अर्थ एकच : दोन घरांनी चार लोकांच्या साक्षीने शब्द दिला. घरात रोजचा गूळ असायचा, साखर सणावाराला यायची, म्हणून त्या पुड्याला मान होता.

आता शब्द द्यायला मंगल कार्यालय लागते.

मराठवाड्यातल्या आमच्या एका कार्यकर्त्याने, नाव छापणार नाही या बोलीवर, आपली वही आमच्यापुढे ठेवली. माघ महिन्यात, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा झाला. जावयाची अंगठी ४६,००० रुपये. जावयाचे कपडे, बूट, घड्याळ २४,०००. कार्यालय, मंडप, स्टेज ४०,०००. साडेतीनशे पाने, पानाला १७० प्रमाणे ५९,५००. टोप्या, टॉवेल, साड्या, मानपान २१,०००. फोटो आणि व्हिडिओ १४,५००. बेरीज दोन लाख पाच हजार. हे लग्न नव्हे. लग्न वैशाखात व्हायचे होते आणि त्याचा हिशेब वहीच्या पुढच्या पानांवर आहे, तो आम्ही विचारला नाही.

या गड्याने आपले सोयाबीन ४,१०० रुपये क्विंटलने घातले होते. म्हणजे साखरपुड्याला पन्नास क्विंटल सोयाबीन गेले. एकरी सात क्विंटलचा उतारा धरला तर सात एकरांचे सबंध पीक. यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी काहीच वजा केलेले नाही. ते वजा केले तर किती एकर लागतील हे ज्याचे त्याने काढावे. आम्ही काढले आणि कागद उलटा ठेवला.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. त्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, सरकारने सोयाबीनला जाहीर केलेला हमीभाव होता ४,८९२ रुपये. खरेदी केंद्रावर कधी नोंदणी बंद, कधी ओलावा जास्त, कधी बारदाना नाही. माल अडत्याकडेच गेला. क्विंटलमागे ७९२ रुपये बुडाले. पन्नास क्विंटलचे ३९,६०० होतात. म्हणजे कार्यालय, मंडप आणि स्टेजचा सगळा खर्च, जवळजवळ रुपयाला रुपया, सरकारी धोरणाने आधीच खाल्ला होता. तो आमच्या कार्यकर्त्याच्या वहीत कुठेच लिहिलेला नाही, कारण जो पैसा हातात आलाच नाही त्याची नोंद कोणी करत नाही.

ही दुसरी बाजू मुद्दाम मांडली, कारण हा अंक साहेबलोकांच्या हातातही जातो. शेतकरी कर्जबाजारी का, असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते : पोरींच्या लग्नात उधळतो म्हणून. हे उत्तर फार जुने आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हाही गोऱ्या आणि काळ्या साहेबांच्या तोंडी हेच होते. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने १८७६ मध्ये दिलेल्या अहवालात काय म्हटले? लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे; ऐपतीच्या मानाने खर्च जास्त होतो हे खरे, पण असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात. परक्या सरकारच्या आयोगाला जे दीडशे वर्षांपूर्वी उमगले ते आपल्या कृषी खात्यातल्या पदवीधरांना अजून उमगत नाही. सात एकरांचे पीक विकून एक साखरपुडा उरकत असेल, तर आधी पिकाच्या भावाबद्दल बोला. पाचशे पानांचा साखरपुडा करून शहरातला साधा कारकूनही बुडत नाही, कारण त्याचा पगार बाजार समितीत लिलावाला लागत नाही.

हे सगळे साहेबांना सुनावून झाले. आता दार लावून आपसात बोलू.

त्या आयोगाने ज्या लग्नखर्चाचा विचार केला त्यात आजच्यासारखा दोन लाखांचा साखरपुडा नव्हता. प्रसंग क्वचित येतात हेही आता खरे राहिलेले नाही. एका लग्नाचे आपण चार प्रसंग केले : पसंतीचा, साखरपुड्याचा, हळदीचा आणि लग्नाचा. मध्ये ते प्री-वेडिंग. धरणाच्या भिंतीवर, नाहीतर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत पोरापोरीला उभे करून वर ड्रोन फिरवायचा आणि तो सिनेमा साखरपुड्यात पडद्यावर दाखवायचा. बापाचा कापूस वेचायला माणूस मिळत नाही म्हणून बोंडे लोंबत असतात, त्या रानात फोटो काढायला मात्र कोणी नेत नाही.

पण खर्चापेक्षाही एक मोठी गोष्ट आम्हाला सांगायची आहे आणि ती आमच्या वाचकांना पटकन कळेल. माल घेऊन तुम्ही बाजार समितीत जाता. गाडीचे भाडे दिलेले असते, हमालाने पोती उतरवलेली असतात, ढीग लागलेला असतो. मग पुकारा होतो आणि भाव पडतो. माल परत नेता येतो का? कायद्याने येतो. प्रत्यक्षात परतीचे भाडे, पुन्हा हमाली आणि गावात होणारे हसे, यामुळे तुम्ही मान खाली घालून 'द्या' म्हणता. मोठा साखरपुडा केलेल्या मुलीच्या बापाची गत हुबेहूब हीच होते. साडेतीनशे माणसांसमोर अंगठी घातली गेली, फोटो साऱ्या भावकीच्या मोबाईलवर गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी मध्यस्थ येतो आणि हळूच सांगतो की पाहुण्यांचे म्हणणे, गाडी दुचाकी नको, चारचाकी बघा. किंवा लग्न तालुक्याला नको, जिल्ह्याच्या कार्यालयात करा. साखरपुड्याआधी हाच निरोप आला असता तर बापाने चहा पाजून वाटेला लावले असते. आता तो नाही म्हणू शकत नाही. सोयरीक मोडली तर बट्टा मुलीला लागतो, मुलाला नाही.

मुलीची मालाशी तुलना केली म्हणून महिला आघाडीतल्या बहिणी रागावतील. रागवावे. राग तुलनेचा नको, तुलना खरी ठरते याचा यावा.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. लग्नाआधी मागितले काय, लग्नात काय किंवा नंतर काय, सगळे त्यात बसते. नुसती मागणी करणे हाही गुन्हा आहे. पण साखरपुडा ते लग्न या चार महिन्यांत कोणता बाप पोलीस ठाण्याची पायरी चढेल? कायदा त्याच्या बाजूने असून वेळ त्याच्या विरुद्ध असते. जेवढा साखरपुडा मोठा आणि जेवढे लग्न लांब, तेवढी मागणीला जागा जास्त. वर ज्याची वही सांगितली त्या कार्यकर्त्याकडे असा निरोप दोनदा आला. पहिल्यांदा त्याने मान्य केले. मार्चअखेर सोसायटीचे पीककर्ज फिरवायला जी रक्कम बाजूला ठेवली होती ती त्यात गेली. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले तर व्याज पडत नाही. मुदत टळली, व्याज लागले आणि खरिपाला नवे कर्ज मिळाले नाही. दुसऱ्या निरोपाचे काय झाले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

यावरचा उपाय आम्ही शोधून काढलेला नाही, तो लोकांनीच काढून ठेवला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे 'यादी पे शादी' म्हणतात. याद्या करायला बसायचे आणि पटले तर त्याच मांडवात अक्षता टाकून मोकळे व्हायचे. साखरपुड्यातच लग्न उरकल्याच्या बातम्या स्थानिक पेपरांत अधूनमधून येतात, त्या आम्ही आवडीने वाचतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. त्या दोन तासांत लागलेल्या लग्नांची जोडपी आज सुखाने नांदत आहेत. कोणाचा संसार डीजेवाचून अडलेला आम्ही पाहिला नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, अहिल्यानगरला मराठा समाजाच्या मंडळींनी बसून लग्नांची आचारसंहिता ठरवली आणि प्री-वेडिंग, डीजे, गर्दी यांना आवर घालायचे म्हटले. चांगले झाले. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली, स्थापनेच्या वर्षीच, भटजीवाचून आणि थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवले होते, तेव्हा आम्हाला उशीर झाला आहे एवढेच.

हा मजकूर तयार झाल्यावर आम्ही तो महिला आघाडीतल्या एका तरुण कार्यकर्तीला वाचायला दिला. तिने दोन गोष्टी सुनावल्या. पहिली : "पोरीच्या हौसेला पैसा लागला की तुम्हाला काटकसर आठवते. शोरूममधून ट्रॅक्टर आणताना फटाके वाजवता तेव्हा क्विंटल मोजत नाही." यावर आमच्याकडे उत्तर नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ती म्हणाली, "सुपारी फुटल्याबरोबर अक्षता टाकल्या तर त्या पोरीने पोराशी बोलायचे कधी?" बरोबर आहे. घाईत लग्न उरकून पोरीचा आवाज दाबला जाणार असेल तर ते आम्हाला नको. तेव्हा क्रम उलटा करावा. पोरापोरीला आधी भेटू द्या, दोन-चार महिने फोनवर बोलू द्या, एकमेकांचे घर, रान, गोठा बघू द्या. नाही म्हणायचे असेल तर तेव्हाच म्हणू द्या. साखर त्यानंतर वाटा आणि वाटली की त्याच दिवशी लग्न लावा. आनंद करायचा तो त्या दिवशी भरपूर करा, पुरणपोळी करा, गाव जेवायला घाला, ऐपत असेल तर वाजंत्री लावा. कुणब्याच्या घरी हसू नये असे आम्ही कधी म्हटलेले नाही.

आणि हे करायचे कोणी? मुलीच्या बापाला उपदेश करून काही होत नाही, त्याच्या हातात दोरी नसते. दोरी मुलाच्या बापाच्या हातात असते. तिकडेही दिवस बदलले आहेत. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला होता. पेपरवाल्यांना गंमत वाटली, आम्हाला वाटली नाही. त्या पोरांना मुली मिळत नाहीत याचे मूळ पुन्हा शेतीमालाच्या भावातच आहे. पण एक सांगतो. मुलाकडचे लोक मुलीकडच्यांना आपला सातबारा दाखवतात, त्यावर मुलीचे नाव पुढे कधी लागणार याबद्दल कोणी बोलत नाही. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी शेतकरी संघटनेच्या गावांतून शेकडो माणसांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन केली. यादी करताना त्या यादीत हे एक कलम घालायला काय हरकत आहे? 'लग्नानंतर पहिल्या पाडव्याच्या आत सुनेचे नाव सातबाऱ्यावर.' अंगठीपेक्षा ते जास्त टिकेल.

बैठकीत या विषयावर हात वर करून ठराव घ्यायचा नाही. असे ठराव आजवर पुष्कळ झाले. ज्यांच्या घरी येत्या दोन वर्षांत मुलगा लग्नाचा होईल, तेवढ्यांनीच उभे राहून आपले नाव वहीत लिहावे : साखरपुडा वेगळा करणार नाही, मध्यस्थाकरवी निरोप धाडणार नाही. मुलींच्या बापांनी बसून राहावे, त्यांना काही लिहायचे नाही. ती वही तालुकाप्रमुखांकडे राहील आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचली जाईल.

पन्नास क्विंटलवाल्या कार्यकर्त्याला आम्ही ही कल्पना फोनवर सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. त्याचा धाकटा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. बैठकीला दोघेही येतो म्हणाला आहे.