बाळंतपण मोफत, मग अपमान कशासाठी?

सरकारी दवाखान्यात बाळंत होणारी बाई कोण असते? ती धुणीभांडी करणारी असते, वीटभट्टीवर राबणारी असते, ऊसतोडणीला जाणारी असते, कंत्राटी सफाई कामगाराची बायको असते. म्हणजेच बहुतांशी ती आपलीच आई, बहीण, लेक असते. ज्यांच्या खिशात पैसा आहे ते केव्हाच खासगी रुग्णालयाकडे वळले. म्हणून सरकारी प्रसूती कक्षात काय चालते हा प्रश्न केवळ आरोग्य खात्याचा नाही, तो आपल्या समाजाच्या सन्मानाचा प्रश्न आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरपैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाली. २०१८-२० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण बाई जिवंत घरी आली एवढ्यावरच सरकारचे कर्तव्य संपते काय? ती माणूस म्हणून आत गेली आणि माणूस म्हणूनच बाहेर आली काय, हे कोणत्या सर्वेक्षणात मोजले जाते?

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण एका शासकीय रुग्णालयात झाले. रात्री दोन वाजता आम्ही तिला नेले. केसपेपरच्या खिडकीवर वस्तीचे नाव सांगितले आणि समोरच्या माणसाचा आवाजच बदलला. "तुमच्याकडच्या बाया शेवटच्या घटकेलाच येतात," असे आम्हाला ऐकवण्यात आले. तिच्या हातातल्या कार्डावर प्रत्येक तपासणीची नोंद होती, ते कार्ड कोणी उघडूनही पाहिले नाही. आत ती कळांनी ओरडली तेव्हा तिला जे बोलले गेले ते इथे छापता येणार नाही. आम्हाला दाराबाहेर उभे केले. औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली. मुलगी झाली तेव्हा आयाबाईने 'खुशीचे' पाचशे मागितले. वर म्हणाली, मुलगा असता तर हजार घेतले असते!

पण त्याच रात्री बाळंतपणानंतर बहिणीचा रक्तस्राव थांबेना. तेव्हा एका निवासी डॉक्टर मुलीने धावपळ करून इंजेक्शने दिली, रक्ताची पिशवी मिळवली, सकाळपर्यंत खाटेजवळून हलली नाही. माझी बहीण आज आहे ती त्या डॉक्टरमुळे आणि त्या सरकारी रक्तपेढीमुळे. घरी आल्यावर बहीण म्हणाली, "ताई, टाक्यांचं दुखणं विसरले गं, पण त्या बाईचं बोलणं नाही विसरत." ज्या व्यवस्थेने जीव वाचवला तिनेच अपमानही केला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच बोलल्या पाहिजेत.

कारण 'सरकारी दवाखाना नकोच' असे म्हणणे सोपे आहे. पण मग जायचे कुठे? वरील सर्वेक्षणात देशभरातील खासगी रुग्णालयांत शंभरामागे ४७ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते, सरकारी रुग्णालयांत १४. त्या बिलासाठी बचत गटाचे कर्ज, सावकाराचे व्याज आणि गहाण पडलेले मंगळसूत्र, हे आपल्या वस्त्यांना नवीन नाही. सरकारी दवाखाना सोडणे हा आपला मार्ग नव्हे, तो ताब्यात घेणे हा आपला मार्ग आहे.

बाबासाहेबांनी आणि रमाईंनी आपली चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. म्हणजे आईची काळजी ही दया नाही, ते राज्याचे देणे आहे, हा विचार आपल्याला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

आज कागदावर हक्क आहेतच. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात नेणे आणि परत सोडणेही मोफत आहे. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाची वागणूक आणि सोबतीला तिच्या पसंतीची बाई, या गोष्टी सांगितलेल्या आहेत. मग आम्हाला दाराबाहेर का उभे केले? कारण हा हक्क आम्हालाच माहीत नव्हता आणि माहीत असलेल्यांना तो सांगायचा नव्हता!

आयाबाईबद्दलही बोलले पाहिजे. पाचशे रुपये मागणारी ती बाई कंत्राटी होती, आपल्यासारख्याच वस्तीत राहणारी. तिचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. तिने पैसे मागणे चूकच, पण एका शोषित बाईला दुसऱ्या शोषित बाईच्या खिशात हात घालायला लावणारी ठेकेदारी कोणी आणली? रिकामी पदे कायमस्वरूपी भरा ही मागणी बाळंतिणीच्याही हिताची आहे, हे कामगार संघटनांनी आणि आपणही समजून घेतले पाहिजे.

जयंतीला आपण लाखो रुपये वर्गणी जमवतो. त्यातून प्रत्येक विहारात बाळंतिणीच्या हक्कांचा एक मोठा फलक लागू शकत नाही काय? वस्तीतल्या चार शिकलेल्या मुली प्रसूतीच्या वेळी सोबत जाऊ शकत नाहीत काय? बाहेरच्या औषधाची चिठ्ठी मिळाली तर औषध का नाही ते लेखी मागा. पैसे मागितले, जात काढली, शिवी दिली तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. एकटी बाई कळा सोसताना भांडू शकत नाही. तिच्या वतीने भांडणे हे दाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांचे काम आहे.