कुंडीतला टोमॅटो आणि फडताळातले विष

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक सेवानिवृत्त गृहस्थ पाच वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून धावत आले. मुलाला उलट्या होत होत्या, तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजले होते. बॅटरी मारून पाहिले, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "घरात काही फवारलंत का?" एवढाच प्रश्न विचारला आणि आजोबांचा चेहरा उतरला. गच्चीवरच्या टोमॅटोवर पांढरी माशी आली होती. शेतातल्या फवारणीतून उरलेले औषध फडताळात होते. ते अंदाजाने पाण्यात कालवून त्यांनी आदल्या संध्याकाळी मारले. सकाळी नातवाने लालबुंद फळे तोडली आणि न धुताच खाल्ली.

अॅट्रोपिन देऊन मुलाला मोठ्या रुग्णालयात हलविले. चौथ्या दिवशी ते हसत घरी आले. पण आजोबांचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही : "डॉक्टरसाहेब, बाजारच्या टोमॅटोवर औषध मारतात म्हणून तर घरी लावला होता हो!"

कुंडीत टोमॅटो लावू नका, असे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. उलट, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मी स्वतः ते सुचवितो. बुटक्या, मर्यादित वाढीच्या जाती यासाठी उत्तम. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा अर्ली ड्वार्फ' ही जुनी जात लागवडीनंतर साधारण ७५ ते ८० दिवसांत फळ देते. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे तयार होऊन १९८९ साली आलेली 'मायक्रो-टॉम' तर वीतभरच वाढते. बारा इंची कुंडी, तळाला भोक, चांगले कुजलेले शेणखत आणि सहा तास ऊन एवढे मिळाले की झाले. मात्र पाणी नियमित हवे. आज कोरडे, उद्या चिखल असे केले तर फळाचा तळ काळा पडतो. तो रोग नव्हे, त्यावर औषधही नको.

आता खरे बोलू. दोन कुंड्यांतून घराची भाजी भागत नाही. शंभर ग्रॅम टोमॅटोत जेमतेम २० कॅलरी, बाकी बहुतेक पाणी. पण सकाळी गच्चीवर चढणे, वाकणे, पाणी घालणे आणि आपल्या हातचे फळ ताटात कच्चे घेणे, या सवयी माझ्या औषधाच्या चिठ्ठीत मावत नाहीत. फक्त कापलेल्या फोडींवर मीठ भुरभुरू नका, नाहीतर रक्तदाबाच्या रुग्णाचा फायदा तिथेच संपला.

पुष्कळजण विचारतात, टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो का? नाही. खड्यात सापडणाऱ्या ऑक्झलेटचे प्रमाण टोमॅटोत थोडे असते; पालकात ते कितीतरी पट अधिक. मूत्रपिंड निकामी होत चालले असेल, तर मात्र टोमॅटोतील पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावा. छातीत जळजळ होणाऱ्यांनीही बेतानेच घ्यावा.

राहिला प्रश्न किडीचा. माझे मत स्पष्ट आहे : घरच्या टोमॅटोवर रासायनिक कीटकनाशक मारूच नये. शेतकरी शेकडो झाडांचे उत्पन्न वाचवायला फवारतो. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते त्याला पाळावे लागते. आपल्या दोन झाडांवर संसार अवलंबून नाही. अळी दिसली तर हाताने वेचावी. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद टांगावेत, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने आक्रसून बोकडली असतील, तर तो माशीने पसरविलेला विषाणू आहे; कोणत्याही औषधाने झाड बरे होत नाही, उपटून टाकावे. चार फळे किडीला गेली तर गेली.

शेतातले औषध घरात, त्यातही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत, कधीही ठेवू नये. विषबाधेचा संशय आला तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे, मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा खटाटोप करू नये आणि औषधाची मूळ बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. त्या बाटलीवरचे नाव वाचून आमची मोलाची मिनिटे वाचतात.

आणि हो, कुंडीखालची ताटली! तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करावी.

त्या आजोबांनी यंदा पुन्हा दोन रोपे लावली आहेत. परवा कागदाच्या पुडीत तीन टोमॅटो आणून माझ्या टेबलावर ठेवले. एकाला अळीने भोक पाडले होते. म्हणाले, "हाच बघा डॉक्टर, बिनविषारी असल्याचा दाखला!" तेवढा भाग कापून टाकून मी तो आनंदाने खाल्ला.