ड्रॅक्युलाचे एकटेपण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाचा अहवाल ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. जगातील दर सहा माणसांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला आठ लाख ७१ हजारांहून अधिक, म्हणजे तासाला सुमारे शंभर मृत्यूंशी या अवस्थेचा संबंध पोहोचतो, असे त्यात नमूद आहे. या अहवालाच्या अडीच महिने आधी अमेरिकेत रायन कूगलर यांचा ‘सिनर्स’ झळकला होता. त्याआधीच्या नाताळात रॉबर्ट एगर्स यांनी १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ला नवे रूप दिले होते, आणि नंतरच्या दिवाळीत आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा ‘थामा’ हिंदीत आला. वर्षभराच्या आत रक्तपिपासूंचे तीन मोठे चित्रपट यावेत, हा बाजाराचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. तथापि एकाकीपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानण्याच्या कितीतरी आधीपासून एक लोकप्रिय साहित्यप्रकार त्याच दुखण्याची चिकित्सा करीत आला आहे, आणि अहवालाच्या कोष्टकांत न मावणारे काही त्याच्या हाती लागले आहे, याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही.

व्हॅम्पायरच्या कथांकडे आजवर बहुधा भीतीच्या अंगाने पाहिले गेले. रोगाची साथ, परकीयाचे आक्रमण, दडपलेली वासना, रयतेचे रक्त शोषणारा सरंजामदार असे नाना अर्थ समीक्षकांनी त्यांत शोधले. कार्ल मार्क्सने तर भांडवलालाच या प्राण्याची उपमा दिली. हे अर्थ खोटे नाहीत. पण ते सारे बळीच्या बाजूने लावलेले आहेत. खुद्द रक्तपिपासूच्या बाजूने कथा पाहू लागताच भीती मागे पडते आणि एकटेपण समोर येते.

गंमत अशी की, लोककथेतला मूळ व्हॅम्पायर मुळीच एकाकी नव्हता. अठराव्या शतकात सर्बियातील खेड्यांत हॅब्सबर्ग साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी अशा प्रकरणांच्या रीतसर चौकश्या केल्या. १७२५ मधील किसिल्येवो गावच्या प्रकरणात मेलेला शेतकरी गावातल्याच लोकांच्या छातीवर बसत असे, आणि बायकोकडे येऊन त्याने आपल्या वहाणा मागितल्या, अशी नोंद आहे. हे भूत घरचेच होते. आपल्याकडची पिशाचेही याच जातीची. मुंजा घराजवळच्या पिंपळावर राहतो. वेताळाला तर भुताखेतांचा परिवार आहे, गोवा आणि दक्षिण कोकणात तो अनेक गावांचा राखणदार देव आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये ‘वेताळपंचविशी’तील कथांचे इंग्रजी रूप सादर करताना त्याला व्हॅम्पायर म्हटले खरे, परंतु राजाच्या खांद्यावर बसून रात्रभर गोष्टी सांगणाऱ्या आणि वर कोडे घालून उत्तर मागणाऱ्या त्या वाचाळ स्वारीला एकाकी म्हणणे कठीण आहे.

एकाकी रक्तपिपासू ही शहरी, आधुनिक साहित्याची निर्मिती आहे. जॉन पोलिदोरी या डॉक्टरने १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी, लॉर्ड बायरनच्या सहवासात सुचलेल्या कल्पनेवरून कथा लिहिली; ती १८१९ मध्ये छापली गेली. तिचा नायक लॉर्ड रुथवेन लंडनच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत वावरतो, त्याला निमंत्रणांची कमतरता नाही, आणि तो कोणाचाही नाही. खेड्यातले भूत नात्यांत अडकलेले होते. या उमरावाला नातीच नाहीत.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) हे एकटेपण तपशिलांत लपले आहे. तरुण वकील जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियातील किल्ल्यात पाहुणा म्हणून राहतो, तेव्हा त्याला दिसते की, त्याचा बिछाना खुद्द काउंट घालतो आहे. जेवणाचे टेबलही तोच मांडतो, हे एका दाराच्या फटीतून दिसते. एवढ्या मोठ्या वास्तूत एकही नोकर नाही. शतकानुशतकांचा हा सरदार पाहुण्यासमोर थाट राखण्यासाठी चोरून घरकाम करतो! त्याचे लंडनचे वेडही असेच. इंग्रजी पुस्तके वाचून त्याने त्या शहराचा अभ्यास केला आहे. त्या गर्दीत मिसळून जावे आणि आपल्या उच्चारांवरून कोणी परका म्हणून ओळखू नये, ही त्याची इच्छा तो हार्करजवळ बोलून दाखवितो. तो इंग्लंडला निघतो तेव्हा सोबत मायदेशीच्या मातीची पन्नास खोकी घेतो, कारण त्या मातीवाचून त्याला विसावा नाही. परदेशी स्थायिक झालेल्या कोणालाही त्या खोक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

याच कादंबरीत रक्ताचा दुसरा व्यवहारही आहे, आणि तो फारसा लक्षात घेतला जात नाही. ड्रॅक्युला लुसीचे रक्त पितो. तिला वाचविण्यासाठी चार पुरुष एकामागून एक आपले रक्त देतात. पुढे तिच्यासाठी जमलेली ही मंडळी आपापल्या रोजनिश्या, पत्रे, ध्वनिमुद्रणे एकत्र करतात, मीना ती टंकलिखित करते, प्रत्येक जण दुसऱ्याचे खासगी लिखाण वाचतो. ड्रॅक्युलाचा पराभव क्रॉस आणि लसूण यांच्याइतकाच या मोकळेपणाने होतो. काउंटची रोजनिशी मात्र कादंबरीत कुठेच नाही.

ती रोजनिशी लिहिली जाण्यास आणखी ७९ वर्षे लागली. दरम्यान रिचर्ड मॅथेसन यांनी १९५४ मध्ये ‘आय अ‍ॅम लेजंड’ लिहून पट उलटा केला होता. तेथे सारे जग व्हॅम्पायर झालेले असते आणि रॉबर्ट नेव्हिल हा शेवटचा माणूस लॉस एंजेलिसमधील घराला फळ्या ठोकून राहतो. अखेरीस त्याला उमगते की, नव्या समाजाच्या लेखी भयानक प्राणी तोच आहे. एकटा कोण आणि सामान्य कोण, हे संख्येवर ठरते, हा त्या छोटेखानी कादंबरीचा रोकडा निष्कर्ष.

अ‍ॅन राइस यांची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ १९७६ मध्ये आली आणि रक्तपिपासू प्रथम पुरुषी एकवचनात बोलू लागला. चार वर्षांपूर्वी राइस यांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. तिचे सहावे वर्षही पुरे झाले नव्हते. कादंबरीत क्लॉडिया ही बालिका आहे. लुई आपल्याला सोडून जाईल या भयाने लेस्टाट तिला व्हॅम्पायर करतो. दोघांना जखडून ठेवणारे मूल म्हणून. तिचे मन वाढते, शरीर वाढत नाही. एकाकीपणाच्या धास्तीतून कोणाला तरी आपल्यासारखे करून घेणे आणि त्याला सोबत म्हणणे, हे त्या घराचे सारे सूत्र, आणि त्यातूनच ते घर जळते. पण कादंबरीतील सर्वांत बोचरी गोष्ट शेवटी येते. सॅन फ्रान्सिस्कोतील एका खोलीत लुई रात्रभर आपली कैफियत एका तरुण वार्ताहराच्या टेपरेकॉर्डरपुढे मांडतो. शतकांचा शोक ऐकून झाल्यावर तो तरुण म्हणतो काय, तर मलाही व्हॅम्पायर करा. फिती भरल्या, ऐकले मात्र काहीच गेले नाही. मुलाखती घेणाऱ्यांनी या प्रसंगाचा अधूनमधून विचार करण्यास हरकत नाही.

या परंपरेतील सर्वांत समर्थ कृती मात्र स्वीडनमधील आहे. योन अयविडे लिंडक्विस्ट यांची ‘लेट द राइट वन इन’ ही कादंबरी २००४ मध्ये आणि टोमास आल्फ्रेडसन यांचा चित्रपट २००८ मध्ये आला. स्थळ आहे स्टॉकहोमचे पश्चिमेकडील उपनगर ब्लाकेबेर्ग, जेथे लेखकाचे बालपण गेले. पन्नाशीच्या दशकात आखलेली ही वसाहत म्हणजे कल्याणकारी राज्याने नागरिकाला दिलेले वचन होते: ऊबदार घर, शाळा, दाराशी रेल्वे. तेथे बारा वर्षांचा ऑस्कर वर्गातील मुलांचा छळ सोसतो आणि ते कोणाला सांगत नाही. शेजारच्या घरात राहायला आलेली एली दिवसा दिसत नाही. दोघे मधल्या भिंतीवर मोर्स लिपीत ठोकून बोलतात. व्हॅम्पायरला निमंत्रणाविना उंबरठा ओलांडता येत नाही, हा जुना संकेत येथे निराळ्याच उंचीवर जातो. ऑस्कर मुद्दाम ‘ये’ म्हणत नाही, एली तरीही आत पाऊल टाकते आणि तिच्या सर्वांगातून रक्त झिरपू लागते. तेव्हा कुठे तो घाबरून निमंत्रणाचे शब्द उच्चारतो. ज्या समाजात दार सर्वांनाच असते आणि ‘ये’ म्हणणारे कोणी नसते, त्याचे इतके नेमके चित्र समाजशास्त्राच्या ग्रंथांतही विरळाच. या मैत्रीला लेखक निरागस ठरवीत नाही, हे त्याचे मोठेपण. एलीसाठी माणसे मारणारा एक प्रौढ पुरुष कथेच्या प्रारंभी असतो. चित्रपटाच्या अखेरीस ऑस्कर आगगाडीतून एलीला पेटीत घालून निघतो, तेव्हा वीस-तीस वर्षांनी तो त्याच जागी असेल काय, हा प्रश्न प्रेक्षकाचा पाठलाग सोडत नाही. एकाकी मुलाला मिळालेली सोबत त्याला तारते आणि गिळंकृतही करते.

‘सिनर्स’ने हाच प्रश्न व्यक्तीकडून समुदायाकडे नेला. काळ १९३२ चा, स्थळ मिसिसिपीतील क्लार्क्सडेल. वर्णभेदाच्या कायद्यांखाली भरडलेले कृष्णवर्णीय लोक एका रात्रीपुरते नाचगाण्याचे स्वतःचे ठिकाण उघडतात. दाराशी रेमिक हा आयरिश व्हॅम्पायर येऊन उभा राहतो आणि आत घेण्याची विनवणी करतो. त्याचे आश्वासन मोहक आहे: आमच्यात काळा-गोरा नाही, सर्वांच्या स्मृती एक, कोणी एकटा नाही. आणि ते खोटेही नाही. स्वतःची भूमी आणि पूर्वज गमावलेला तो, संगीतातून पूर्वजांना जागविणाऱ्या सॅमी या तरुण गायकाच्या ओढीने आला आहे. पण त्याच्या जमावात सर्वांच्या तोंडी एकच गाणे असते. पुढे १९९२ मधील प्रसंगात वृद्ध सॅमीला अमरत्व देऊ केले जाते, ते तो नाकारतो. देऊ करणारा स्टॅक मात्र कबूल करतो की, त्या शेवटच्या दिवशी भावाला आणि सूर्याला पाहिले होते, काही तास आपण मुक्त होतो.

हे सारे करमणुकीचे विषय म्हणून बाजूला ठेवून धोरणाकडे वळले, तर सरकारांची धडपड दिसते. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाची जबाबदारी ट्रेसी क्राउच या मंत्र्यांकडे सोपविली (दहाच महिन्यांत जुगारयंत्रांच्या वादावरून त्यांनी राजीनामा दिला, हा भाग निराळा). जपानने २०२१ मध्ये असा मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून स्वतंत्र कायदा अमलात आणला. तेथील पोलिसांच्या नोंदीनुसार त्या वर्षी एकट्याने राहणारी ७६ हजारांहून अधिक माणसे घरात मृतावस्थेत आढळली. अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये एकाकीपणाला साथीच्या रोगाची उपमा दिली. एकाकीपणा हा श्रीमंत पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे गोतावळा आहे, ही समजूतही आयोगाच्या अहवालाने मोडीत काढली: अल्प उत्पन्नाच्या देशांत सुमारे २४ टक्के लोक एकाकी असल्याचे सांगतात, तर श्रीमंत देशांत ११ टक्के. आणि सर्वाधिक प्रमाण १३ ते १७ या वयोगटात आढळते, म्हणजे ऑस्करच्या जवळपासच्या वयात.

याच वयोगटासाठी आता अष्टौप्रहर उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सोबती उपलब्ध आहेत. पालकांच्या दाव्यांना तोंड देत असलेल्या ‘कॅरेक्टर डॉट एआय’ कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषणाची सोय बंद केली. लेस्टाटला जे क्लॉडियाकडून हवे होते, म्हणजे सोडून न जाणारी आणि विरोध न करणारी सोबत, ते येथे मासिक वर्गणीत मिळते. फरक इतकाच की, क्लॉडिया पुढे उलटली.

आयोगाने आता सामाजिक संबंधांचा जागतिक निर्देशांक तयार करण्याची शिफारस केली आहे. तो तयार करणाऱ्यांपुढची अडचण उघड आहे. आठवड्यात किती जणांशी बोललात, घरात किती माणसे आहेत, हे मोजणे सोपे. त्या मोजणीत लॉर्ड रुथवेन उत्तम गुण मिळवील आणि रेमिकचा जमाव पहिला येईल. लुसीसाठी बाही वर करणारे चार जण होते, ही गोष्ट कोणत्या प्रश्नाने नोंदवायची, हे निर्देशांकाच्या रचनाकारांना ठरवावे लागेल, आणि भारतासारख्या देशांत आरोग्याचा किती निधी या कामाकडे वळेल, हे त्या प्रश्नावलीवरही अवलंबून राहील.